पासंग

त्या रविवारी चाक घेऊन चाललेला तो माणूस दिसला नसता तर पुढचं काही झालंच नसतं, असं त्याला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं. चाक म्हणजे मोजणीचं चाक. वर लांब दांडा, खाली एकच चाक आणि दांड्याला आकडे फिरवणारी डबी. जलाशयाभोवतीच्या रस्त्याचा कठडा नव्यानं बांधायचा होता, म्हणून कंत्राटदाराचा माणूस मोजत मोजत चालला होता. हा तेव्हा रविवारच्या तीस किलोमीटरांच्या धावण्यात एकविसाव्या किलोमीटरवर होता. पंपघराजवळच्या नळाशी त्यानं घड्याळ थांबवलं, पाणी प्यायला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि निव्वळ खात्यातल्या सवयीनं विचारलं, किती भरलं? माणसानं डबीत पाहिलं आणि सांगितलं, मागच्या पिवळ्या खुणेपासून या पिवळ्या खुणेपर्यंत एक हजार एकतीस. हा म्हणाला, एक हजार. माणसानं पुन्हा डबीत पाहिलं. "एकतीस वर आहेत, साहेब. चाक थोडंच माझं ऐकतंय," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. यानं घड्याळ सुरू केलं, उरलेले नऊ धावून काढले, पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या नऊ किलोमीटरांत आपण श्वास कसा घेतला, पाय कसे पडले, यातलं त्याला काहीही आठवेना. आठवत होते ते एकतीस.

तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता आणि सत्तावीस वर्षं लोकांच्या तराजूंकडे संशयानं बघण्याचा पगार घेत होता. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, वजनाच्या पोटातून खरवडून काढलेलं शिसं, काट्यामागे दडवलेलं लोहचुंबक, पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या मापात भरताना वरून फेस आणि खालून तूट, कापडाच्या दुकानात अर्ध्या बोटानं झिजलेली मीटरपट्टी, हे सगळं त्यानं पाहिलं होतं, लिहिलं होतं, जप्त केलं होतं. मापात पाप ही त्याच्या दृष्टीनं म्हण नव्हती, रोजची हजेरी होती. माणूस चांगला की वाईट हा प्रश्न त्याला पडत नसे. माणूस किती ग्रॅमनं वाईट आहे एवढंच तो बघायचा, कारण कायद्यानं थोडी सूट दिलेली असते आणि त्या सुटीच्या आत जो राहिला तो सज्जन. घरीही हा चष्मा उतरत नसे. बायको पाहुण्यांना सांगायची, यांना चहात साखर घालून दिली तर हे आधी चमचा उलटा करून शिक्का बघतात. पाहुणे हसायचे, तोही हसायचा, आणि हसताना पाहुणे जरा जास्तच हसले का, याचा मनात हिशेब करायचा.

अशा माणसानं पळायला लागावं याचं सगळ्यांना नवल वाटलं होतं, पण त्याला स्वतःला नव्हतं वाटलं. पंचेचाळीसाव्या वर्षी एका सकाळी तो गाडीत अडकून पडला होता, कारण मॅरेथॉनसाठी रस्ते बंद होते. दीड तास त्यानं घामेजलेली माणसं जाताना पाहिली आणि रस्त्यावर आडव्या टांगलेल्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर. सूट नाही. त्या घड्याळाला कुणी बाजूला घेऊन दोन शब्द बोलू शकत नव्हतं, त्याच्या पारड्याखाली मेण लावता येत नव्हतं. एवढं स्वच्छ माप त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्याला अतिशय हेवा वाटला. आपणही एकदा त्या मापात उतरायचं, साडेतीन तासांत, असं त्यानं गाडीत बसल्या बसल्या ठरवलं. साडेतीनच का, हे त्याला सांगता आलं नसतं. चार तास म्हणजे हौस आणि तीन तास म्हणजे चमत्कार, त्यामधला प्रामाणिक आकडा त्याला तोच वाटला. ऑफिसातल्या लोकांना त्यानं हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच्या पोटाकडे बघून विचारलं, साहेब, साडेतीन तास की साडेतीन दिवस?

मास्तर त्याला जलाशयावर भेटले. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, तेव्हाच सत्तरीला टेकलेले, पंपघरासमोरच्या बाकावर मांडीवर वही ठेवून बसणारे. रस्त्याचा वेढा पाच किलोमीटरचा, आणि कठड्यावर दर किलोमीटरला पिवळ्या रंगाची एक रेघ, ती त्यांनी स्वतः मारलेली. त्यांच्या हाताखाली तेव्हा सहा-सातजण होते. मास्तरांनी याला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, चार वर्षांनी ये. मग हसून म्हणाले, म्हणजे आजच ये, पण फळ चार वर्षांनी माग. पहिलं वर्षभर त्यांनी याला चाळीस मिनिटांच्या वर पळू दिलं नाही, आणि तेही असं की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. तो म्हणायचा, मास्तर, अंगात अजून आहे. मास्तर म्हणायचे, आहे ते असू दे, बँकेत टाक. दुसऱ्या वर्षी पंधरा किलोमीटर, तिसऱ्या वर्षी पहिली पूर्ण शर्यत, चार तास वीस. चौथ्या वर्षी तीन पंचेचाळीस. दर आठवड्याला शंभर-दोनशे मीटर वाढवायचे, दर चौथ्या आठवड्याला कमी करायचे, आजारी असलं तर गप्प पडायचं, ताप उतरला तरी तीन दिवस थांबायचं. मास्तर त्याला मापाडी म्हणायचे, आणि त्याला ते नाव, कुणाला सांगणार नाही, पण आवडायचं. सहा वर्षांच्या त्या वहीत त्याचा एकेक रविवार लिहिलेला होता. तेवढ्या काळात त्यानं या एकाच माणसाच्या मापाला कधी पट्टी लावली नव्हती. मुलीनं एकदा उपग्रहावरून अंतर सांगणारं घड्याळ आणून दिलं होतं, तेच घड्याळ एकाच रस्त्याला एके दिवशी नऊशे नव्वद म्हणालं, दुसऱ्या दिवशी एक हजार अठ्ठेचाळीस. आकाशात बसून मोजणाऱ्याला शिक्का कुणी मारला, असं म्हणून त्यानं ते खणात टाकलं आणि पिवळ्या रेघांवर विसंबून राहिला. जगातल्या सगळ्या मापांवर संशय घेणाऱ्या माणसाला एक तरी जागा लागते पाय टेकायला, तशी त्याची ही होती.

सोमवारी ऑफिसातून त्यानं तपासणीची पोलादी टेप घरी आणली, तीस मीटरची, शिक्क्याची. संध्याकाळी बायकोला घेऊन तो जलाशयावर गेला आणि तिला एक टोक धरायला लावलं. तिला वाटलं फिरायला जायचंय, म्हणून तिनं चांगली साडी नेसली होती. दर तीस मीटरला वाकायचं, खडूची खूण करायची, उठायचं, पुढे जायचं. पहिल्या किलोमीटरला ती थट्टा करत होती, दुसऱ्याला गप्प झाली, तिसऱ्याला म्हणाली, "अहो, लोक बघताहेत. आपण कुणाची जमीन लाटतोय असं वाटतंय." त्यानं वाकून पुढची खूण केली. एक हजार एकतीस. एक हजार तीस. एक हजार एकतीस. एक हजार बत्तीस. पुन्हा एकतीस. पाच किलोमीटरच्या जागी पाच हजार एकशे पंचावन्न मीटर. शेवटच्या खुणेशी तो उकिडवा बसून राहिला. बायकोनं आकडे ऐकले आणि तिचा चेहरा खुलला. म्हणजे तुम्ही समजता त्याच्यापेक्षा जास्तच पळताय की, ती म्हणाली, मग तोंड असं का केलंत, चांगलंच झालं. तिला कसं सांगणार, की गेल्या सत्तावीस वर्षांत त्याला जास्त भरून देणारा एकही माणूस भेटलेला नव्हता, आणि म्हणूनच भीती वाटत होती.

कारण चूक असती तर ती कमीकडे गेली असती. हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. रस्ता सायकलनं मोजा, पावलांनी मोजा, दोरीनं मोजा. सायकल वळवळते, पावलं आखडतात, दोरी झोल खाते, आणि हजार मोजले असं वाटतं तिथे खरे नऊशे नव्वदच भरतात. निष्काळजीपणा नेहमी कमीच देतो. जास्त देण्यासाठी माणसाला लक्ष द्यावं लागतं. आणि पाचही ठिकाणी एकसारखं जास्त, एका मीटरच्या फरकानं, म्हणजे ज्यानं कुणी हे केलं त्याचा हात स्थिर होता आणि त्याला काय हवंय हे त्याला पक्कं माहीत होतं. मंगळवारी दुपारी तो एका किराणा दुकानात काटा तपासत होता. काटा गिऱ्हाइकाच्या बाजूनं किलोमागे दहा ग्रॅम जास्त देत होता. म्हातारा दुकानदार गल्ल्यावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होता. यानं काटा उलटा केला, पारडं काढलं, खाली बोट फिरवलं, काही नाही. दहा ग्रॅम जास्त का? "साहेब, जास्त गेलं तर गुन्हा आहे का?" म्हाताऱ्यानं विचारलं. याला कलम आठवेना. तो म्हाताऱ्याकडे इतका वेळ टक लावून बघत राहिला, की शेवटी म्हाताऱ्यानं आपण होऊन सांगितलं, मी करून घेतो दुरुस्त. दुकानातून बाहेर पडल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, पण संशय गेला नाही.

आठवडाभर तो संशय त्याच्याबरोबर जेवला आणि झोपला. मागचं एकेक आठवू लागलं. गेल्या वर्षी जलाशयाच्या रस्त्याला नवं डांबर पडलं, कठडा धुऊन निघाला आणि मास्तरांनी सगळ्या खुणा पुन्हा मारल्या. त्याच महिन्यापासून त्याची वेळ किलोमागे तीन सेकंदांनी घसरली होती. तो हवालदिल झाला होता. मास्तर म्हणाले होते, नवं डांबर आहे, पाय धरतं, आणि पन्नाशी पण आहे, मापाड्या. पन्नाशी आहे हे त्याला पटलं होतं. आरशासमोर उभा राहून त्यानं आपल्या पोटऱ्या पाहिल्या होत्या, रक्त तपासून घेतलं होतं, दोन महिने चहा सोडला होता. शर्यतीच्या आधी मास्तरांनी वही उघडून बेरीज मांडली, तीन तास बत्तीस, आणि म्हणाले, यंदा नको, अजून एक वर्ष घाल. त्यानं निमूटपणे एक वर्ष घातलं. आता त्याला ते वर्ष हातात घेऊन उलटंसुलटं करून बघावंसं वाटत होतं, खाली काय चिकटवलंय ते. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, ती जास्त वाईट होती. मास्तरांच्या हाताखालचे सहा-सातजण कुठे गेले? बँकेतल्या त्या उंच माणसानं आपली शर्यत मारली, मास्तरांबरोबर फोटो काढला, तो परत आला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई गेल्या. जुळे भाऊ गेले, एकाच दिवशी. ज्याला त्याला हवा तो आकडा मिळाला की तो बाकाकडे पाठ फिरवायचा, त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. उरला होता तो एकटा. मास्तरांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. रविवारी सकाळी सहा वाजता त्यांच्याकडे यायला जगात दुसरं कुणी नव्हतं, आणि ज्या दिवशी साडेतीन तास होतील त्या दिवशी हाही येणार नव्हता. कुंपणच शेत खातं म्हणतात. हे सगळं त्याला इतकं स्पष्ट दिसलं की डोळे मिटले तरी दिसत राहिलं, आणि तरी त्याच्या मनाच्या एका कोपऱ्याला हे खोटं निघावं असं फार वाटत होतं.

पुढच्या रविवारी अठ्ठावीस किलोमीटर पळायचे होते. तो पळाला नाही. कामावर जायचे कपडे घालून, टेपचे आकडे लिहिलेला कागद खिशात घालून तो बाकापाशी गेला. मास्तरांनी त्याच्या पायातले चामडी बूट पाहिले आणि वही मिटली. त्यानं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. मास्तरांनी चष्मा लावून पाचही आकडे वाचले, बेरीज बरोबर आहे का तीही पाहिली. बरोबर आहे, ते म्हणाले, जसं काही याला तेवढंच हवं होतं. मग याचा तोल गेला. आठवडाभर मनात घोकलेलं सगळं त्यानं बोलून टाकलं. डांबराचं, पन्नाशीचं, गेल्या वर्षाचं, बँकेतल्या माणसाचं, जुळ्या भावांचं. आणि शेवटी जे बोलायचं नाही असं ठरवून आला होता तेही बोलला, की तुम्हाला सोबत हवी होती, म्हणून तुम्ही माझा रस्ता लांबवलात. मास्तर जलाशयाकडे बघत होते. पाण्यावर काही नव्हतं बघण्यासारखं.

"तू नळापाशी घड्याळ थांबवतोस," मास्तर म्हणाले.

त्याला कळेना याचा काय संबंध.

"नळापाशी थांबवतोस. नाडी बांधताना थांबवतोस. फाटकातून ट्रक निघाला की थांबवतोस. कुणी ओळखीचं भेटलं की थांबवतोस. तीस किलोमीटरांत तीन मिनिटं. मी इथनं बघतो, माझ्याकडेही घड्याळ आहे. परत येऊन मला सांगतोस दोन पस्तीस, तेव्हा दोन अडतीस झालेले असतात. पाच वर्षं ऐकतोय."

तो म्हणाला, ती वेळ पळण्याची नव्हतीच. थांबलो तेव्हा थांबलो, पळालो तेव्हा पळालो. तो हे म्हणत असतानाच त्याला आपल्याच आवाजात कुणी दुसरा बोलल्यासारखं वाटलं. पेट्रोल पंपाच्या मालकाचा होता तो आवाज, फेस धरू नका साहेब, फेस म्हणजे पेट्रोल नव्हे. सत्तावीस वर्षं हाच आवाज त्यानं लिहून घेतला होता, खाली सही घेतली होती. शर्यतीतलं घड्याळ कुणासाठी थांबत नाही, म्हणून तर तो या भानगडीत पडला होता. आणि सहा वर्षं रोज सकाळी, कुणी बघत नाही असं समजून, अंगठ्यानं त्यानं ते थांबवलं होतं. खोटं बोलायचं असं त्याच्या मनातही नव्हतं. हेच सगळ्या दुकानदारांच्या मनात नसतं. मास्तर सांगत होते, की एकदा दोनदा मी तुला बोललो, तू म्हणालास हो हो, आणि पुन्हा थांबवलंस. थांबलं की दम मिळतो, दम मिळाला की आकडा सुंदर येतो, आणि मग शर्यतीत पस्तिसाव्याला माणूस रस्त्यावर बसतो. मी खूप पाहिलेत असे बसलेले. म्हणून रस्ताच लांब केला, बाकीचेही थांबवायचेच. तराजूचं एक पारडं जड असलं की दुसऱ्याला पासंग बांधतात, तुला मी काय सांगू. आधी पासंग बांध, मग तोल.

तो बाकावर बसला. त्याला गरम वाटत होतं आणि कॉलरचं बटण काढायची लाज वाटत होती. बायको असती तर कुसळ आणि मुसळ काढून मोकळी झाली असती. पण मेलं ते मन, लाजेनं अर्धमेलं झालं तरी आकडेमोड सोडेना. तीस किलोमीटरांना तीन मिनिटं. म्हणजे किलोमीटरला सहा सेकंद. सहा सेकंदांत माणूस या वेगानं किती जातो? वीस मीटर. फार तर एकवीस. त्यानं पुन्हा हिशेब केला. मग तो हळू आवाजात, कागदाकडे बघत म्हणाला, की मास्तर, वीस होतात. एकतीस होत नाहीत.

मास्तरांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला, आणि पुसून झाल्यावरही घातला नाही.

"वीस तुझे," ते म्हणाले. "ते तुझ्या पहिल्या वर्षीचे. अकरा माझे. ते गेल्या वर्षीचे."

अकरा मीटर. बेचाळीस किलोमीटरांना चारशे बासष्ट मीटर, म्हणजे सव्वादोन मिनिटांहून थोडं जास्त. तीन बत्तीसमधून ती वजा केली की साडेतीनच्या आत अठरा सेकंद उरत होते. गेल्या वर्षी त्याच्याकडे अठरा सेकंद शिल्लक होते, आणि त्याला ते माहीत नव्हते. त्याला वाटलं होतं मास्तर आणखी काही बोलतील, माफी मागतील किंवा निदान कारण सांगतील, पण कारण तर त्यानंच मघाशी त्यांना सांगून टाकलं होतं. तो उठला, कागद उचलला, घडी घातली आणि घरी गेला. आपला संशय खरा निघाला याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा अजिबात आनंद झाला नाही.

यंदाच्या शर्यतीला उरलेले पाच आठवडे तो जलाशयावर गेला नाही. औद्योगिक वसाहतीतला सरळ, रुक्ष रस्ता त्यानं टेपनं मोजून घेतला आणि तिथं एकटा पळाला. घड्याळ थांबवायचं नाही. पहिल्या दिवशी त्याचा अंगठा आपोआप वर आला आणि त्याला तो दुसऱ्या हातानं धरावा लागला. पाणी पिताना सेकंद सरकत राहायचे, त्याला ते ऐकू यायचे, आणि त्या सेकंदांत तो स्वतःला जितका ओळखू लागला तितका त्याला स्वतःचा भरवसा वाटेना. हेच आणखी कुठे कुठे करत आलो असू? बायकोशी बोलताना कुठली मिनिटं आपण धरलीच नाहीत? मुलगी लहान असताना ऑफिसातून घरी आल्यावर आपण घड्याळ कितीदा थांबवलं होतं? आकडे मात्र येत होते. खरे, कोरडे, कुणाचा हात न लागलेले. ते लिहून ठेवायला त्यानं नवी वही आणली आणि तीन दिवसांनी लिहायचं सोडून दिलं, कारण वाचणारं कुणी नसलं की आकडा फारच नागडा दिसतो. शर्यतीच्या दिवशी तो दर किलोमीटरच्या फलकाकडे संशयानं बघत पळाला. बारावा फलक त्याला लवकर आला असं वाटलं, एकोणिसावा उशिरा. पस्तिसाव्याला एकजण रस्त्याच्या कडेला बसला होता आणि त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. हा त्याच्याकडे न बघता पुढे गेला. वर टांगलेल्या घड्याळाखालून तो गेला तेव्हा त्यावर तीन तास अठ्ठावीस मिनिटं चौदा सेकंद होते. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला, पाच-सहा पावलं त्याच्याबरोबर चालला आणि गर्दीत कुठे गेला ते कळलं नाही. बायको टॉवेल घेऊन कठड्याशी उभी होती. झालं ना मनासारखं, तिनं विचारलं. तो म्हणाला, हे गेल्या वर्षीही झालं असतं.

"गेल्या वर्षी झालं असतं तर गेल्या वर्षीच संपलं असतं," ती म्हणाली. "मग हे वर्षभर सकाळी उठून तुम्ही केलं काय असतं? माझ्या पिठात किडे शोधले असते."

तो हसला नाही, आणि तिनंही टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकण्याखेरीज आणखी काही केलं नाही.

नंतरच्या रविवारी सकाळी सहाला तो जलाशयावर गेला. पायात पळण्याचे बूट होते. बूट घालताना त्यानं स्वतःला सांगितलं होतं, की नुसतं वेळ सांगून यायचं, तेवढी रीत पाळायची. आणि तेव्हाच त्याला कळलं होतं, की हे काही खरं नाही. मास्तर बाकावर होते. वही मांडीवर नव्हती, पिशवीत होती. पाच-सहा आठवड्यांत ते उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखे दिसू लागले होते, तेच, पण आतलं कुणी काढून घेतल्यासारखे. त्यानं वेळ सांगितली. मास्तरांनी मान हलवली. घड्याळ थांबवलं नाहीस ना, असंही त्यांनी विचारलं नाही. छान झालं, ते म्हणाले, आणि मग ज्या थोड्या आखडलेल्या, अदबीच्या सुरात त्यांनी जुळ्या भावांना निरोप दिला असेल त्याच सुरात म्हणाले, येत जा कधी इकडे आलास तर.

"तीन वीसचं काय?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. ती नजर त्यानं ओळखली, कारण ती त्याची होती. काटा जास्त दाखवतोय असं दिसलं की तो दुकानदाराकडे बघायचा तशी.

"दया येतेय का माझी?"

नाही, असं तो म्हणणार होता. मग त्यानं आत डोकावून पाहिलं. होती. रागही होता, अजून गेलेला नव्हता, अकरा मीटरचा. आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी होतं, ज्याच्यामुळे तो औद्योगिक वसाहतीतल्या त्या रस्त्यावर पाच आठवडे इतका एकटा पडला होता.

"थोडी येतेय," तो म्हणाला. "पण मी येतो तो तेवढ्यासाठी नाही."

"थोडी म्हणजे किती?"

"मोजली नाही."

मास्तर खाली बघत बसले. त्यांच्या हाताची बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. "तीन वीसला तीन वर्षं लागतील, मापाड्या," ते म्हणाले. "कमी नाही. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा असेन. माझी तीन वर्षं अशी परस्पर मागून घेतोस, मला विचारलंस का, आहेत का म्हणून?"

"गेल्या वर्षी तुम्ही मला विचारलं होतंत?"

मास्तरांनी पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर त्या दिवसाची तारीख घातली.